रुग्णाला पुलापलीकडे पाठवावे

आमच्या घराण्याचा इतिहास लिहून न्यायला गेल्या वसंतात शांघायहून दोन प्राध्यापक आले होते. तिथं म्हणे आपल्या जुन्या वैद्यकाचं कॉलेज निघालंय. फळा आहे, घंटा होते, परीक्षा होते, आणि नापाससुद्धा करतात. त्या कॉलेजात शिकवायला त्यांना प्रत्येक नामांकित घराण्याचा इतिहास आणि शिकवण हवी होती. कुआंग घराणं म्हणजे सहा पिढ्यांचं नाव, तेव्हा नावेतून उतरले ते थेट आमच्याच ओसरीवर.

माझ्या नवऱ्यानं, म्हणजे शाओथांगनं, त्यांना पूर्वजांच्या तसबिरींखाली बसवलं. तसबिरी सहाही एकाच चित्रकारानं एकाच उन्हाळ्यात काढलेल्या आहेत, त्यामुळं चेहरा एकच आहे आणि दाढीची लांबी तेवढी बदलत जाते. मग त्यांना मूळ पुरुषाची गोष्ट ऐकवली. राजवाड्यातली एक लाडकी राणी आजारी पडली, तिच्या मनगटाला रेशमी दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक पडद्याबाहेर आमच्या पूर्वजाच्या हातात दिलं आणि त्यानं दोऱ्यावरून नाडी ओळखून तिला बरं केलं. गोष्ट छान आहे. फक्त कालव्यावरचा पूल ओलांडून पलीकडे गेलात, की तिथं फांग वैद्यांचं घर लागतं, आणि त्यांच्या पूर्वजानंही त्याच राणीला त्याच आजारातून त्याच दोऱ्यानं बरं केलेलं आहे. एवढ्या वेळा बरी होऊन त्या बिचारीचं काय झालं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

प्राध्यापकांनी सगळं उतरून घेतलं. मग त्यांतल्या चष्मेवाल्यानं विचारलं, की कुआंग घराण्याच्या शिकवणीचं सार काय. शाओथांगनं डोळे मिटले. डोळे मिटणं त्याला फार सुंदर जमतं. म्हणाला, "ते घराण्याबाहेर सांगता येत नाही." प्राध्यापकांनी मान लववली आणि 'अत्यंत गूढ' असं लिहिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तेव्हा चहा ओतत होते. ती मूठ माझ्याही हातात आहे, आणि चोरून नाही, रीतसर दिलेली आहे. माझे सासरे आता स्वतःच तसबिरीत जाऊन बसलेत. तेव्हा आज मी ती उघडते. पितरांना काय म्हणायचं ते म्हणोत, सहाजण आहेत, एकमेकांत बोलत बसतील.

आमच्या घराण्याचा नियम असा, की विद्या मुलाला द्यायची, सुनेला द्यायची, पण लेकीला द्यायची नाही. सून आयुष्यभर घरातच राहणार. लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार आणि जाताना विद्या बरोबर नेणार. लग्न झालेली लेक म्हणजे अंगणात ओतलेलं पाणी, असं आमच्याकडे म्हणतात. आता मी टोफूवाल्याची पोर. सोयाबीन किती भिजला ते मला बोटानं कळतं, पण वरची नाडी कुठली आणि खोलची कुठली ते मला आजतागायत कळलेलं नाही. मामंजींनी माझ्या बोटांखाली मनगटं देऊन पाहिली, शेवटी कंटाळून म्हणाले, "सूनबाई, तू चहाच कर." पण हक्क माझा होता. नियम म्हणजे नियम.

आणि ज्या पोरीला ते कळत होतं, ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

ती माझी नणंद, सुवेन. लग्न करून वरच्या गावी गेली, वर्षभरात नवरा खोकून खोकून गेला, आणि सासरच्यांनी तिला अवलक्षणी म्हणून नावेत बसवून परत पाठवली. ओतलेलं पाणी परत घड्यात आलं, तर त्याचं काय करायचं, हे नियमात कुठंच नव्हतं. मामंजींनी तिला मागची खोली दिली आणि विषय मिटवला.

आमच्याकडे शिकवतात कसं तेही सांगते, कारण शाओथांगनं प्राध्यापकांना जे सांगितलं त्यात हे नव्हतं. आधी पाठांतर. कुठल्या आजाराला कुठला काढा, त्याची पद्यं आहेत. शाओथांग ती रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारत घोकायचा. वर्षानुवर्षं घोकली. 'ज्येष्ठमध' आलं की त्याच्या पुढं सुंठ येते की दालचिनी, इथं त्याची गाडी हमखास अडायची, आणि मग आतून, शेंगा सोलता सोलता, सुवेन हळूच म्हणायची, "दालचिनी, दादा." पाठांतरानंतर बोटांची तयारी. केसाचा एक तुकडा टेबलावर ठेवून त्यावर कागद टाकायचे, आणि शिष्यानं बोटांनी तो केस शोधायचा. रोज एक कागद वाढवायचा. शाओथांगला केस नेहमी सापडे, कारण तो कागद टाकताना बघत असे.

यानंतर खरी विद्या, म्हणजे बसणं. बाह्या कशा दुमडायच्या, रुग्णाचं मनगट नाडीच्या उशीवर कसं घ्यायचं, खाकरायचं कधी, डोळे कधी मिटायचे. यात मात्र माझा नवरा बापाच्याही वर गेला. एकदा तांदळाच्या व्यापाऱ्याची नाडी बघताना त्याला गाढ झोप लागली. व्यापारी बिचारा आदरानं हलेना. जाग आल्यावर शाओथांगनं संत्र्याच्या सुकलेल्या सालीचा काढा लिहून दिला. व्यापाऱ्यानं गावभर सांगितलं, की इतकं खोलवर आजवर मला कुणीच तपासलं नव्हतं.

मला मुलगा झाला तेव्हा माझी पाळी आली. सुनेला मुलगा होईस्तोवर घराण्याचं सार सांगत नाहीत. मला आंघोळ घालून पितरांच्या पाटापुढं गुडघ्यांवर बसवलं. उदबत्त्या लावल्या. मी मामंजींना दोन्ही हातांनी चहा दिला. मला वाटलं, सहा पिढ्यांची विद्या आहे, ऐकताना चक्कर तर येणार नाही ना? सुवेनला दाराबाहेर अंगण झाडायला लावलं होतं. झाडूचा आवाज येत होता, म्हणजे ती ऐकत नव्हती याची खात्री होती. मामंजी माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले,

"ज्याच्या नाडीत मरण दिसेल, त्याला औषध देऊ नये. गोड बोलून पुलापलीकडे पाठवावं. कुआंगांच्या औषधावर कुणी मरता कामा नये."

मी वाट बघत राहिले. पुढं काहीच आलं नाही. पुढं आली ती मरणाची लक्षणं: नाडी बुडालेली, हातपाय गार, बोलणं भ्रमिष्ट, आणि अन्नावरची वासना गेलेली. ही चार दिसली, की म्हणायचं वाक्यही ठरलेलं होतं, शब्दाला शब्द. 'या आजाराला फांगांचा हात माझ्याहून चांगला आहे.' वाक्य नम्र आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा हा मनाचा मोठेपणा, प्रतिस्पर्ध्याची स्तुती करतोय. सहा पिढ्या आमच्या औषधावर कुणी मेलं नाही, ते असं. मरायला सगळे पलीकडे गेले.

मला इतका राग आला, की त्या दिवशी मी भातात मीठच घातलं नाही. रागही कुणावर करायचा? आणि बोलायचं कुणाशी? गुपित बाहेर न सांगण्याची शपथ घेतली होती.

पण गंमत अशी, की पलीकडे पाठवलेले रुग्ण परत येत. फांगही त्यांची नाडी बघत, फार आदरानं बोलत, आणि पुलावरून परत लावत. का, ते मला तेव्हा कळलं नाही. ते रुग्ण घरच्यांच्या खांद्यावर परतताना पूल उतरून दमत आणि आमच्या मागच्या दाराशी, कालव्याच्या पायऱ्यांवर टेकत. सुवेन तिथंच भाजी धुवायला बसलेली असे. तिला गुपित कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं तिला वाटे, की हे लोक नुसतेच दमलेत आणि आजारी आहेत. ती त्यांना पाणी देई, काय होतंय विचारी, मनगट हातात घेई, आणि पडवीतल्या फडताळातून काहीतरी उकळून पाजी. कुणी मरत. कुणी मरत नसत. आणि जे वाचत, ते पुढच्या सणाला लाल कागदात गुंडाळलेली कोंबडी घेऊन पुढच्या दारी येत आणि मामंजींच्या पाया पडत. मामंजीही कोंबडी ठेवून घेत.

हे चाललं असतं. पण एके वर्षी एक नावाडी आमच्या पायऱ्यांवरच गेला, सुवेनचा काढा पोटात असताना. त्याच्या बायकोनं काही आरडाओरडा केला नाही, उलट सुवेनचा हात धरून रडली. पण गावानं पाहिलं. कुआंगांच्या दारात, कुआंगांच्या औषधावर माणूस मेला. मामंजींनी सुवेनला पितरांपुढं उभं केलं. मी त्यांना इतकं गोरंमोरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "यापुढं कुणाच्याही मनगटाला तुझं बोट लागलं, तर तुला नावेत बसवून तुझ्या सासरी पोचती करेन. या घरात पाऊल टाकायचं नाही."

सासरी तिला काय होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं तिला गुरांच्या गोठ्याशेजारी निजवत. सुवेन खाली बघून "बरं" म्हणाली. त्यानंतर ती भाजी धुवायला पायऱ्यांवर जाईनाशी झाली. रुग्ण येऊन टेकत, आणि ती खिडकीच्या आड उभी राहून नुसती बघे. मला ते बघवत नसे. मी एकदा म्हटलं, "वन्सं, इकडं तरी बघू नका." ती म्हणाली, "वहिनी, त्या निळ्या सदऱ्यावाल्याला नुसती सुंठ दिली तरी पुरेल हो." तो निळ्या सदऱ्यावाला दुसऱ्या दिवशी गेला.

मग पाचव्या महिन्यातला नावांच्या शर्यतीचा सण आला.

त्या सणाला वेळूच्या पानात गुंडाळून चिकट भाताचे मुटके उकडतात. आत डुकराची चरबी आणि खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक. जगातला सगळ्यात जड पदार्थ. मामंजी सगळ्या गावाला पथ्य सांगायचे, आणि मुटके दिसले की स्वतः लहान मुलासारखे व्हायचे. त्या वर्षी किती खाल्ले ते मी सांगत नाही, मेलेल्या माणसाचं अन्न मोजू नये. वर पिवळी दारू प्यायले आणि पंख्यानं वारा घेत म्हणाले, की यंदा भात जरा कमीच शिजलाय.

दुसऱ्या दिवशी जेवणाला उठले नाहीत. स्वतःची नाडी स्वतः पाहिली आणि निदान केलं, की वयोमानानं शक्ती कमी झाली आहे. म्हणून जिनसेंग घेतलं. पोट गच्च झालं तसं म्हणाले, शक्ती आणखी कमी झाली, आणखी जिनसेंग द्या. शाओथांगनं दिलं. पाहुणे भेटायला आले, तेही जिनसेंगच घेऊन आले. आमच्याकडे एक म्हण आहे, जिनसेंगनं मारलं तर दोष नाही आणि रेवाचिनीनं तारलं तर यश नाही. महाग औषधानं माणूस मेला तर घरचे म्हणतात, आम्ही काही कमी केलं नाही. रेवाचिनीसारख्या स्वस्त, जुलाबाच्या मुळीनं वाचला, तर म्हणतात, तसंही काही झालंच नव्हतं.

ताप चढला. मग एका सकाळी हातपाय गार पडले. मामंजी मेलेल्या बायकोशी भांडायला लागले, की मुटके बांधताना दोरा सैल का ठेवलास. समोर पेज धरली तर तोंड फिरवलं. शाओथांगनं नाडीवर बोटं ठेवली, आणि या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. नाडी लागेना. चारही लक्षणं होती.

तो मला बाजूला घेऊन गेला. रडत होता, आणि खोटं रडत नव्हता. म्हणाला, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "औषध बदला." म्हणाला, "आणि माझ्या औषधावर गेले तर? सहा पिढ्यांत कुणी गेलं नाही. सातव्या पिढीत मी माझ्या बापालाच..." माणूस वाईट नव्हता. त्याला जे शिकवलं होतं तेच तो करत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता करत होता.

तो आत गेला, बापाच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, या आजाराला फांगांचा हात माझ्याहून चांगला आहे."

मामंजींचा भ्रम जागच्या जागी उतरला. मुलाकडं वळले. मग फुटक्या आवाजात म्हणाले, "गाढवा, ते वाक्य माझं आहे."

पण नियम त्यांचाच होता, त्यामुळं त्यांना खुर्चीत घातलं. दोन भोयांनी उचललं, शाओथांग पुढं, मी मागून छत्री धरून. कालव्याच्या दोन्ही काठांची दुकानं थांबली. तेलवाला, कापडवाला, न्हावी, सगळे दारात येऊन उभे राहिले. कुआंगांचा म्हातारा पुलावरून पलीकडे चालला होता. गुपित कुणाला ठाऊक नव्हतं, पण पूल ओलांडणाऱ्याचं पुढं काय होतं ते गावाला पाहून पाहून माहीत होतं. न्हाव्यानं टोपी काढली. मामंजींना ती दिसली. त्यांनी डोळे मिटले, आणि ते शिकवलेलं मिटणं नव्हतं.

फांग वैद्य दारापर्यंत सामोरे आले. असा मान त्यांनी कुणाला दिला नसेल. नाडीची रेशमी उशी आणवली, तीन बोटं ठेवली, खाकरले. मग उठून वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "या आजाराला कुआंगांचा हात माझ्याहून चांगला आहे."

मला तेव्हा कळलं. त्यांचंही सार तेच होतं. शब्दसुद्धा तेच, फक्त नाव बदललेलं. राणी एक, दोरा एक आणि गुपितही एक. मी छत्रीआड तोंड लपवलं, कारण मला हसू आलं होतं, आणि अशा वेळी सुनेनं हसणं बरं दिसत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाकडं पाहिलं आणि हसू गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पूल उतरल्यावर भोई दमले. आणि दमलेले जिथं टेकतात तिथंच त्यांनी खुर्ची टेकवली, आमच्या मागच्या दाराशी, कालव्याच्या पायऱ्यांवर.

दार उघडलं. सुवेन बाहेर आली. हात ओले होते, झग्याच्या टोकाला पुशीत होती. बापापुढं गुडघ्यांवर बसली. शाओथांग म्हणाला, "सुवेन, नाडीला हात लावू नकोस. बाबांनी बजावलंय." तिनं मान हलवली. "मनगटाला नाही लावत," म्हणाली, आणि बापाच्या झग्याची बटणं काढून तिनं दोन्ही तळवे त्यांच्या पोटावर ठेवले.

आता हे तुम्हाला साधं वाटेल. पण आमच्या घराण्यात सहा पिढ्यांत कुणी कुणाच्या पोटाला हात लावलेला नव्हता. पोट हमालाचं, नाडी सभ्य माणसाची. भोयांनी माना वळवल्या. तिनं बेंबीशेजारी दाबलं, आणि जो म्हातारा दोन दिवस कण्हला नव्हता तो एकदम विव्हळला आणि तिचा हात झटकायला गेला.

"पोट दगडासारखं झालंय," ती म्हणाली. "शक्ती गेलेली नाही दादा, शक्ती आत कोंडलीय. आत मुटके आणि त्याच्यावर जिनसेंगची पाचर मारलीय तुम्ही. आग आत आहे म्हणून हातपाय गार आहेत. रेवाचिनी द्यायची."

"रेवाचिनी? मरणाच्या दारातल्या माणसाला जुलाब?" शाओथांगच्या ओठांचा रंग गेला. "आणि आपल्या औषधावर गेले म्हणजे?"

"आपल्या कुठं?" सुवेन म्हणाली. "मी ओतलेलं पाणी ना? मी काही कुआंग नाही. गेले तर माझ्या औषधावर गेले. तुमची सहा पिढ्यांची पाटी कोरी राहील. मला संध्याकाळच्या नावेत बसवा."

त्यावर माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मी त्याला अजून माफ केलेली नाही. तो म्हणाला, "असं असेल तर मग ठीक आहे."

काढा मी उकळला. तेवढं मला येतं. चमच्यानं पाजताना सुवेनचा हात स्थिर होता, पण दुपारी मी तिच्या खोलीत डोकावले तेव्हा ती आपलं गाठोडं बांधून त्यावर बसलेली होती. दोन झगे, एक कंगवा, नवऱ्याची आठवण म्हणून ठेवलेली कवडी. नावेची वाट बघत होती. मी तिच्याशेजारी बसले.

संध्याकाळची नाव घाटाला लागायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. तो आवाज कसला होता हे सभ्य भाषेत सांगता येणार नाही. कुआंग घराण्याची सहा पिढ्यांची प्रतिष्ठा, सणाचे मुटके आणि गावातलं निम्मं जिनसेंग, सगळं एकदम बाहेर आलं. मी भांडी उचलता उचलता थकले. शाओथांग नाकाला बाही लावून अंगणात उभा होता. हातपायांना ऊब आली. मग मामंजी क्षीण आवाजात म्हणाले, "पेज आहे का?"

गावात काय पसरलं ते तुम्ही ओळखलंच असेल. जिनसेंगचा गुण जरा उशिरा आला. शाओथांगनं ते नाकारलं नाही, फक्त डोळे मिटले. प्राध्यापकांच्या वहीत ते आता 'सातव्या पिढीची पितृसेवा' या मथळ्याखाली आहे.

मामंजी उठून बसायला लागले, तशी त्यांनी एक दिवस मला पितरांपुढं उदबत्त्या लावायला सांगितल्या आणि सुवेनला बोलावलं. शाओथांगला अंगण झाडायला पाठवलं. झाडूचा आवाज यायला लागल्यावर मामंजी म्हणाले, "सहा पिढ्यांत लेकीला कुणी दिलं नाही ते मी देणार आहे. सूनबाई साक्ष आहे." सुवेननं चहा दिला. दोन्ही हातांनी, अगदी मी दिला होता तसा. काय येणार ते मला ठाऊक होतं.

कुजबुजायला त्यांच्यात बळ नव्हतं, त्यामुळं ते मोठ्यानंच म्हणाले. ज्याच्या नाडीत मरण दिसेल त्याला औषध देऊ नये. चार लक्षणं. पुलापलीकडे. शेवटचं वाक्यही.

सुवेन वाट बघत राहिली. पुढं काही आलं नाही. ती एकदा माझ्याकडं बघून बापाकडं वळली. वरच्या तसबिरींकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मग अगदी शांतपणे, आवाजही न चढवता म्हणाली,

"बाबा, हे मला आधी शिकवलं असतंत, तर आज तुम्ही नसता."

बाहेर झाडू थांबला होता, म्हणजे तिकडंही ऐकू गेलं. मला वाटलं आता मामंजी ओरडतील, नाव बोलावतील. त्यांनी हात लांब करून नाडीची उशी ओढली, आपलं मनगट तिच्यावर उताणं ठेवलं आणि ते लेकीपुढं सरकवलं. म्हणाले, "बघ, आज कशी आहे."

सुवेननं मनगट बाजूला सारलं.

"मनगट राहू द्या," ती म्हणाली. "पोट दाखवा."

आणि कुआंग घराण्याच्या सहाव्या पुरुषानं पितरांच्या तसबिरींसमोर आपल्या झग्याची बटणं स्वतःच्या हातानं काढली. वरचं बटण निघेना, तर ते मी काढून दिलं.

गेल्या वसंतात ते प्राध्यापक परत गेले ते मागच्या दारानं, कारण त्यांची नाव पायऱ्यांशी लागली होती. तिथं पायऱ्यांवर पुलापर्यंत रांग होती. पोरं कडेवर घेतलेल्या बाया, नावाडी, विटकरी रंगाच्या सदऱ्यातला एक म्हातारा, आणि डोक्यावरून शाल घेतलेला एक मनुष्य, जो मला फांगांचा थोरला मुलगा वाटला. चष्मेवाल्यानं विचारलं, ही गर्दी कसली. शाओथांग म्हणाला, "नावेची वाट बघतायत."

आतून सुवेनचा आवाज आला, "पुढचा कोण? आधी बटणं काढा." चष्मेवाल्यानं शाओथांगकडं पाहिलं, वही उघडली आणि लिहून घेतलं, की या गावी नावांची फार गैरसोय आहे.